सडा कुणाचा?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी विचारले, "कातळशिल्पे कोणी कोणी पाहिली आहेत? हात वर करा." वर्गात आम्ही साठएक जण होतो. तीन हात वर आले आणि ते तिन्ही रत्नागिरी शहरातल्या मुलांचे होते. त्यांनी ती सुटीच्या दिवशी आईवडिलांबरोबर गाडीने जाऊन पाहिली होती. आम्ही खेड्यांतून एस. टी. ने येणारी मुले, ज्यांची घरे सड्याच्या पायथ्याशी आहेत, ती सगळी गप्प बसलो.

मग सरांनी फळ्यावर खडूने एक आकृती काढली. एक मोठा चौकोन, त्याच्या आत लहान चौकोन, कडेने वळणावळणाच्या रेघा. ती पाहताच माझ्या छातीत धस्स झाले. ह्या चौकोनात तर मी ठिकरी खेळले होते! चौथी-पाचवीत असताना सुटीच्या दिवशी गुरे घेऊन सड्यावर जायचे, गुरे चरायला लागली की आम्ही पोरी कातळावरच्या त्या खोलगट रेघांमध्ये ठिकरी टाकायचो. रेघा मारायला कोळसा लागत नसे, त्या आयत्याच होत्या. त्या कोणी काढल्या हे आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "पांडवांनी. एका राती काढल्यानी." तेवढ्यावर माझे समाधान झाले होते.

तरीही मी हात वर केला नाही. का, ते आज लिहिते. हात वर केला असता तर सरांनी विचारले असते, केव्हा पाहिलीस, कोणाबरोबर गेली होतीस? आणि भर वर्गात मला सांगावे लागले असते की मी गुरे राखायला जात होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मागल्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टी ह्या इमारतीत आणायच्या आणि कोणत्या एस. टी. स्टँडवरच ठेवून यायच्या, ह्याचा हिशेब माझ्यासारखी मुले रोज करतात. सडा मी स्टँडवर ठेवला होता.

आपल्या कॉलेजात घाटावरून आलेले प्राध्यापक पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्याकडे गाव खाली वहाळाच्या बाजूला असते. तेथे भातशेती, माडपोफळी, घरे. वर चढून गेले की सपाट, काळपट, उघडा कातळ मैलोगणती पसरलेला असतो. तो सडा. त्याचा दगड जांभा. पावसाळ्यात ह्याच कातळावर वीतभर गवत आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले येतात. मे महिन्यात त्याच्यावर अनवाणी पाऊल टाकवत नाही. सरकारदरबारी त्याला पडीक म्हणतात. आम्हीही तेच म्हणत आलो. गावात एखाद्याची टिंगल करायची तर "त्याच्याकडे काय, नुसता सडा!" असे म्हणतात. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिच्यावर दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने काहीतरी लिहून ठेवले आहे, हे कळायला आम्हाला फळ्यावरचा खडू लागला.

त्या तासानंतर आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवले की ही चित्रे नीट पाहायची. शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले होते आणि 2023 पासून बायकांना एस. टी. चे अर्धे तिकीट आहे. (ह्या अर्ध्या तिकिटावर आमच्या वर्गातल्या किती मुलींचे शिक्षण चालले आहे, ह्याची कोणी मोजदाद केली तर बरे होईल. पण तो वेगळा लेख.) एका रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. पावस, पूर्णगडची खाडी, गावखडी, करीत कशेळीला उतरलो. माझ्या आयुष्यातला कामाशिवाय केलेला हा पहिला प्रवास. लग्न नाही, बारावे नाही, दवाखाना नाही. नुसते पाहायला जायचे! आई म्हणाली, "बघायला? दगड?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

कशेळीला कनकादित्याचे प्रसिद्ध देऊळ आहे. लोक तेथे येतात आणि दर्शन घेऊन परत जातात. आम्ही विचारीत विचारीत सड्यावर गेलो. प्रथम काहीच दिसेना. पायाखाली नुसत्या रेघा. एक रेघ धरून मी चालू लागले तर ती संपेचना. माझी मैत्रीण दुसऱ्या बाजूने चालत येत होती. आम्ही समोरासमोर आलो तेव्हा कळले की मी सोंडेकडून आले आणि ती पाठीवरून. तो हत्ती होता. सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. आमच्या वाडीतली तीन घरे त्याच्या पोटात मावतील. आणि त्याच्या पोटात खरोखरच एक जग मावले आहे: मासे, जनावरे, पक्षी, कितीतरी आकृत्या.

तिसरी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "काढणाऱ्याला तरी हा पुरा कधी दिसला असेल का ग?" त्या प्रश्नावर मी अजून विचार करते. जवळ उंच टेकाड नाही. उभ्याने पाहिले तर एका वेळी हत्तीचा एखादाच भाग नजरेत येतो. म्हणजे ज्याने काढला त्याने आधी तो मनात पुरा पाहिला आणि मग कातळावर उतरवला. आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आदिमानव 'रानटी अवस्थेत' होता असे लिहून गुण मिळवतो. तो हत्ती पाहिल्यापासून तो शब्द लिहिताना माझा हात अडखळतो.

तेथे एक बाई शेळ्या घेऊन आली होती. तिने आम्हाला विचारले, "कुनाच्या गो तुमी?" गाव सांगितले. मग तिने बसकण मारली आणि सांगू लागली की पावसाळ्यात ह्या रेघांत पाणी भरते, तेव्हा हत्ती चांगला दिसतो आणि पोरे त्याच्यात कागदाच्या होड्या सोडतात. पुष्कळ माणसे येतात, परदेशातलीही येतात, असे ती म्हणाली. मी विचारले, तुम्हाला त्याचे काय वाटते? ती हसली. "तुमी फोटो काढून जाता. आमी हितंच." एवढेच बोलून ती शेळ्यांमागे गेली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला ते वाक्य परतीच्या गाडीत, घरी, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस सोडीना.

पुढच्या महिन्यात देवीहसोळला गेलो. तेथे आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळावर मोठी चौकोनी आकृती आहे आणि गाव तिला देवीच्या नात्याने मान देत आले आहे. त्यामुळेच ती राहिली. त्यानंतर बारसूला गेलो. बारसूच्या सड्यावर एक माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर असाच दोन वाघांमधला माणूस आढळतो, म्हणून अभ्यासक ह्या चित्राला फार महत्त्व देतात. मला मात्र तेथे उभी असताना सिंधू संस्कृती आठवली नाही. एप्रिल 2023 आठवला.

त्या वेळी मी अकरावीची परीक्षा देऊन घरी होते. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावातल्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. पोलिसांच्या गाड्या, पकडापकडी, मोबाईलवर येणारी चित्रे हे सर्वांनी पाहिलेच आहे. हाच प्रकल्प आधी नाणारला होणार होता. वर्षाला 6 कोटी टन क्षमतेचा. विरोध झाला, 2019 साली तेथली भूसंपादनाची प्रक्रिया रद्द झाली आणि 2022 मध्ये बारसूचे नाव पुढे आले. का, तर तेथे वस्ती कमी आणि सडा पडीक. पुन्हा तोच शब्द!

त्याच 2022 साली भारताने कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातली. नऊ ठिकाणे: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही आपल्या जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ. म्हणजे एकाच वर्षी एका सरकारी कागदावर बारसूचा सडा साऱ्या मानवजातीचा ठेवा झाला आणि दुसऱ्या सरकारी कागदावर पडीक जमीन. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर शिक्के. ह्यात कोणाला काही वावगे वाटले नाही ह्याचे मला आश्चर्य वाटते.

बारसूच्या सड्यावर असला प्रकल्प होऊ नये हे माझे मत आहे. पण हे मत घरी मांडले तेव्हा माझ्या मोठ्या भावाने मला गप्प केले. तो बारावीनंतर शिकला नाही. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो कामाला आहे. तो म्हणाला, "कारखाना नको म्हणायला पोट भरलेलं लागतं. माझ्या पगारावर तू कॉलेजला जातेस आणि तिथून येऊन मला सांगतेस कारखाना नको." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. आमच्या वाडीतल्या चोवीस घरांपैकी नऊ घरांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, पालखी नाचवतात आणि जातात. जो मुलगा मुंबईला खोलीत आठ जणांबरोबर झोपतो, त्याला गावाजवळ नोकरी हवीशी वाटली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण नोकरी द्यायची तर सडाच का घ्यावा लागतो, आणि सडा ज्यांचा त्यांना आधी का विचारले जात नाही, हे तर आम्ही दोघे मिळून विचारू शकतो. भाऊ ह्यावर "विचार तूच, तुला वेळ आहे" म्हणाला. असो.

येथपर्यंत लिहून मी हा लेख थांबवू शकले असते. मोठा प्रकल्प, मोठे सरकार, गरीब गाव, प्राचीन वारसा. वार्षिक अंकाला शोभेल असा लेख झाला असता. पण त्यानंतर घरी जे घडले त्याने माझ्या मताची घडी विस्कटली.

माझे वडील चिरेखाणीवर काम करतात. गेली अठ्ठावीस वर्षे. पूर्वी हाताने चिरे काढीत, हल्ली यंत्राच्या चकतीने कापतात. लहानपणी सुटीत मी त्यांची भाकरी घेऊन खाणीवर जात असे. दुपारी ते समोर येऊन उभे राहिले की डोक्यापासून पायापर्यंत तांबडे असत, फक्त डोळे पांढरे. शाळेत "वडिलांचा व्यवसाय" ह्या रकान्यात मी 'शेती' लिहीत आले. सडा जसा स्टँडवर ठेवला तशी ही खाणही.

बारसूहून आले त्या रात्री जेवताना मी उत्साहाने सगळे सांगत होते. चित्रे कशी कोरली असतील, एवढा टणक दगड, लोखंड नसताना. बाबा ऐकत होते. ते फारसे बोलत नाहीत. पण दगडाचे नाव निघाल्यावर बोलू लागले. सड्याची वरची साल कडक असते, ती एकदा फोडली की आत जांभा मऊ लागतो, वीट कापावी तसा. कापलेला चिरा उन्हावाऱ्यात पडून राहिला की पुन्हा टणक होतो. म्हणून ज्याने कोरले त्याला साल फोडण्यापुरतेच कष्ट, पुढे काम सोपे, आणि कोरून झाल्यावर रेघ आपोआप पक्की. शिवाय जागा निवडताना त्याने भेग आणि भोके नसलेला कातळ निवडला असणार, नाहीतर कड ढासळते. "त्येला दगड कळत व्हता," बाबा म्हणाले.

मी थक्क झाले. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1807 साली मलबारातला हा दगड विटेसारखा कापतात हे पाहून त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिले, हे मी नुकतेच भूगोलात वाचले होते. ज्या दोन ओळी मी पाठ केल्या होत्या त्या माझ्या वडिलांच्या हातांत होत्या. आणि मग, त्याच भरात, मी विचारले, "बाबा, तुमच्या खाणीवर असली चित्रं कधी दिसली?"

बाबांनी भाताचा घास हातातच ठेवला.

"व्हता एक मासा," ते म्हणाले. "ह्या पडवीएवढा. खवलं पन काढलेली."

"मग?"

"मग काय. मुकादमानं इचारलान, ह्ये काय? म्हनलं, जुन्या मानसांनी काढल्यानी. बरं म्हनला. दुसऱ्या दिवशी मशीन लावल्यानी." थोड्या वेळाने म्हणाले, "तू तवा बालवाडीत व्हतीस, बाय."

आई उठून ताक आणायला गेली. त्यानंतर त्या रात्री कोणी काही बोलले नाही.

त्या माशाचे चिरे झाले. कोणाच्या तरी घराच्या भिंतीत, कोणाच्या विहिरीच्या कठड्यात, बागेच्या कुंपणात ते असतील. आपल्या कॉलेजच्या आवाराची भिंतही चिऱ्याची आहे. मी रोज सकाळी तिच्या कडेने आत येते. आणि हेही खरे की त्या मजुरीतून माझी पाटी आली. बारसूच्या बायकांसारखे आमच्या सड्यावर कोणी आडवे झाले नाही. कोण होणार? खाण गावच्याच माणसाच्या जमिनीत होती, मजूर गावचेच, चिरे घेणारे आसपासचेच. तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प एकदाच येतो आणि सगळ्यांना दिसतो. चिरेखाण थोडी थोडी खाते आणि कोणालाच दिसत नाही. कलमांच्या बागेसाठी सडा फोडून बाहेरची माती भरतात तेव्हा तर आपण त्याला प्रगती म्हणतो. माझ्या मते आजवर जी चित्रे गेली असतील ती कोणा बाहेरच्या कंपनीने नेलेली नाहीत, आमच्या हातांनी गेली आहेत. हे लिहिणे मला जड जाते, कारण त्यातले दोन हात माझ्या घरातले आहेत. म्हणूनच गावाचे नाव मी ह्या लेखात कोठेही दिलेले नाही.

पण ह्यात बाबांचा दोष कोणता? त्यांना ठाऊक होते की हे जुन्या माणसांचे आहे. तसे त्यांनी सांगितलेही. ऐकणाऱ्याला त्याचे मोल वाटले नाही. येथेच मला 'शोध' ह्या शब्दाबद्दल काही म्हणायचे आहे. वर्तमानपत्रांत येते की कोकणात कातळशिल्पांचा 'शोध लागला'. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून शेकड्यांनी चित्रे उजेडात आणली, त्यांच्या चिकाटीला तोड नाही. पण त्यांनी केले काय? गावोगाव जाऊन गुराख्यांना विचारले, शाळेतल्या मुलांना सांगितले की घरी जाऊन आजीआजोबांना विचारा. म्हणजे चित्रे माहीत होतीच. माहीत असणाऱ्याला कोणी विचारले नव्हते एवढेच. ह्या मंडळींचा मोठेपणा मला चित्रे सापडण्यापेक्षा ह्यात वाटतो की ती कोणाला विचारावीत हे त्यांना सापडले. आमच्या आजीची 'पांडवांची एक रात्र' ही शास्त्रीय माहिती नव्हे, हे मला कळते. पण त्या रेघा माणसाच्या हातच्या आहेत, फार जुन्या आहेत आणि सामान्य नाहीत, एवढे त्या गोष्टीत होते. अभ्यासक आज मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंतचा काळ सांगतात. देऊडच्या चित्रांत गेंडा आहे, जो आज कोकणात औषधाला सापडायचा नाही. ह्यावरून काळाचे अंदाज बांधतात. कोरलेल्या दगडाचे वय थेट सांगणे कठीण आहे आणि तज्ज्ञांत एकमत नाही. नसू द्या. चित्र काढणाऱ्याने तारीख घातली नाही म्हणून चित्र थांबत नाही, पण खाणीचे यंत्रही थांबत नाही.

2025 च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आपल्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग आहे. कॉलेजात पेढे वाटले, मीही घोषणा दिल्या, आणि मनापासून दिल्या. पण त्या दिवशी एक विचार मनात आला तो येथे सांगते. किल्ल्याला राजाचे नाव आहे, म्हणून त्याला धनी आहे. त्याच्यासाठी मिरवणूक निघते. कातळावरच्या हत्तीला ना राजा, ना जात, ना भाषा. त्याच्यासाठी कोण मिरवणूक काढणार? तो अजून संभाव्य यादीतच आहे. खोतांच्या काळात जमिनीवर ज्यांची नावे लागली नाहीत त्या कुळांची आम्ही नातवंडे-पतवंडे. 1949 च्या कायद्याने खोती गेली तेव्हा कोठे आमची नावे कागदावर येऊ लागली. बिननावाच्या माणसाने काढलेल्या चित्राचा कळवळा खरे तर आम्हाला आधी यायला हवा होता.

देऊडची चित्रे 2024 मध्ये राज्य शासनाने संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली, हे चांगले झाले. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती कठडा आणि वरून पाहण्याची सोय केली, ते मला त्याहून चांगले वाटते, कारण ते गावाने केले. परंतु प्रत्येक ठिकाणी असे होत नाही, आणि त्याचे कारण गावकऱ्यांचे अज्ञान हे नसून भीती हे आहे. ज्याच्या सड्यात चित्र आहे तो म्हणतो, मी कळवले तर सरकार जमीन घेईल, मला तेथे ना खाण काढता येणार, ना कलमे लावता येणार, आणि माझ्या हातात येणार एक पाटी. सातबाऱ्यावर नावे पन्नास, त्यातली चाळीस मुंबईत. कोण कोणाला विचारणार? मग कोणीतरी गुपचूप माती लोटून मोकळा होतो. अशा माणसाला वारशावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. सडा राखण्याचे त्याला वर्षाला काही ठरावीक मिळाले पाहिजे, जसे गावात राखणदाराला मिळते. येणाऱ्या पाहुण्यांचे जेवण, वाट दाखवणे, गाडी ठेवण्याची जागा, ह्याचे चार पैसे त्याच वाडीत राहिले पाहिजेत. आणि खाणीचा परवाना देण्याआधी तो सडा एकदा झाडून पाहावा. हो, झाडून. कारण रेघांत माती बसते, गवत येते आणि चित्र डोळ्यांसमोर असून दिसत नाही. त्याला मोठे शास्त्र नको, केरसुणी आणि गावातला एक म्हातारा माणूस पुरे.

प्राध्यापकांनाही एक विनंती करते, लहान तोंडी मोठा घास होईल तर क्षमा असावी. आपली सहल दरवर्षी घाट चढून जाते. वेरूळ पाहिलेच पाहिजे, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या कॉलेजात जिल्ह्यातल्या शेकडो गावांची मुले येतात. प्रत्येकाला आपापल्या गावच्या सड्याची माहिती घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून आणायला सांगितली तर दोन वर्षांत असा नकाशा होईल की जो कोणत्याही कचेरीत नाही. त्यासाठी एक मात्र करावे लागेल. वर्गात "कातळशिल्पे कोणी पाहिली?" असे विचारू नये. "गुरे राखायला कोण कोण गेले होते?" असे विचारावे. पहिला हात माझा असेल.

माशाबद्दल आम्ही घरी पुन्हा बोललो नाही. गेल्या रविवारी मात्र बाबा आपणहून म्हणाले की खाणीच्या पलीकडे, वडाच्या अंगाला, अजून काही आहे, त्यांना नक्की आठवत नाही, चौकोनापेक्षा मोठे आहे. तेथे अजून खाण गेलेली नाही. पाऊस पडायच्या आत जाऊ या, म्हणाले. मी वही, टेप आणि भावाचा चांगला मोबाईल घेणार आहे. भाऊ त्या दिवशी रजेवर आहे, तोही येतो म्हणाला. आईने दोन केरसुण्या काढून ठेवल्या आहेत.